तीन घाट आणि चार टायर

बेळगावातून समुद्राकडे उतरायला तीन वाटा आहेत. वेंगुर्ला रोडनं शिनोळी ओलांडून आंबोली, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला आणि खानापूर-लोंढ्यावरून अनमोड. कुठला घाट धरायचा हे नकाशापेक्षा पाहुण्यांवर ठरतं. ज्यांची सोयरीक सावंतवाडीकडे, त्यांना आंबोली. ज्यांचे फोंड्याकडे, ते अनमोडनं जातात. आमची आत्या सत्तरीत दिलेली, त्यामुळे आमचा घाट चोर्ला. बाबा जीपमधून गेले, मग अँबेसिडरमधून, मग मारुतीतून. चवथीला बहिणीच्या घरी पोचायचंच, पाऊस कितीही असो. यंदा ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि अजूनही परतीच्या प्रवासात किल्ली मागतात.

तीन वर्षांपूर्वी मी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. थोडं कडक सस्पेन्शन, हलकं स्टिअरिंग, सोळा इंची चाकं, टायर १९५/५५ आर १६. गाडी घरी आल्यावर मित्रांचा पहिला प्रश्न मायलेजचा नव्हता. "कंपनीचे टायर कधी काढतोस?" असाच प्रत्येकानं विचारला. आमच्या वयाच्या गाडीवेड्यांत हे जवळपास गृहीतच धरलेलं असतं: इंजिन चांगलं, ब्रेक चांगले, टायर मात्र कंपनीनं पैसे वाचवायला लावलेले. एका मित्रानं तर नव्या गाडीचे टायर चारशे किलोमीटरवर काढून रुंद टायर घातले. दिसायला गाडी झकास झाली, यात वाद नाही.

मी तेव्हा बदलले नाहीत, आणि आजही नव्या गाडीला कोणी विचारलं तर थांब म्हणेन. कंपनी टायर निवडते तेव्हा तिच्यासमोर एकटा चोर्ला नसतो. तीच गाडी जैसलमेरच्या उन्हात, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आणि शिलाँगच्या पावसात चालायची असते. इंधन कमी लागायला हवं, आवाज कमी हवा, टायर बरीच वर्षं टिकायला हवा, खड्ड्यात फुटता कामा नये आणि किंमतही आवाक्यात हवी. टायरात एक गुण वाढवला की दुसरा थोडा मागे सरतो. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण ओल्यात घसरतं. १९९० च्या दशकात रबरात सिलिका मिसळायला लागले तेव्हा ही ओढाताण बरीच सैल झाली, संपली नाही. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये मोटारींच्या टायरांना इंधनाची ओढ, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांचे निकष लावले, पण ते किमान निकष आहेत. म्हणजे कंपनीचा टायर वाईट नसतो, सरासरी असतो. आपला रस्ता सरासरी आहे का, एवढंच आपण बघायचं.

आता तो रस्ता बघा. पिरनवाडीवरून जांबोटीचा रस्ता धरला की शेतं, मग काजूच्या बागा, मग मलप्रभेवरचा पूल. जांबोटीनंतर जंगल दाट होतं. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे, तिथंच मलप्रभेचा उगम. बाबा न चुकता गाडी थांबवायला लावतात. इथं पडलेला पाऊस एका अंगानं बंगालच्या उपसागराकडे जातो आणि थोडं पुढं पडलेला म्हादईतून अरबी समुद्राला, हे त्यांनी मला सहावीत असताना याच देवळाच्या पायरीवर सांगितलं होतं. आता ते माझ्या मुलीला सांगतात. त्यानंतर चोर्ला, मग धुकं, मग वळणं. साधारण सातशे मीटर उतरून केरीत आलो की हवा एकदम दमट होते, डाव्या हाताला अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि पोफळी सुरू होतात. बराच पट्टा फोनला रेंज नाही. वाटेत बेळगावची भाजी आणि दूध घेऊन गोव्याला उतरणारे ट्रक. चवथीच्या आठवड्यात तर रांगच, कारण माटोळीला जे रानातलं ते सत्तरीतलं असलं तरी पंगतीची भाजी आपल्याकडूनच जाते.

या एका रस्त्यावर टायरला दोन वेगवेगळी कामं करावी लागतात, आणि गप्पांमध्ये ती नेहमी एकत्र केली जातात.

पहिलं काम जांबोटीच्या अलीकडच्या आणि केरीच्या पुढच्या सरळ पट्ट्यांवर. तिथं वेग असतो आणि कडेला पाणी साचलेलं असतं. पाणी बाजूला सारायला टायरला वेळ मिळाला नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. नासानं १९६० च्या दशकात विमानाच्या टायरांवर यासाठी एक सोपं सूत्र काढलं होतं: हवेच्या दाबाचं, पीएसआयमधल्या आकड्याचं, वर्गमूळ काढा आणि ९ नं गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. ३३ पीएसआयला ते ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतं आणि हवा २५ वर उतरली की ८३ वर. मोटारीला हे जसंच्या तसं लागू होत नाही, पण कुठली गोष्ट कुठं नेते ते कळतं. हवा कमी, खाचा कमी, टायर रुंद, या तिन्ही गोष्टी तरंगण्याच्या बाजूच्या. रुंद टायरला तेवढंच जास्त पाणी सारावं लागतं. ही गोष्ट टायरच्या दुकानात क्वचितच सांगितली जाते.

दुसरं काम घाटात. तिथं वेग तीस-चाळीस, तरंगायचा प्रश्न नाही. तिथं डांबरावर जांभ्याची लाल माती, पानं आणि ट्रकमधून सांडलेलं डिझेल यांचा पातळ थर असतो. तिथं खाचांपेक्षा रबर किती मऊ आहे ते जास्त कामाला येतं. टायरची पकड मला महिन्याच्या पगारासारखी वाटते: ठरलेली रक्कम आहे, ती ब्रेकवर खर्च केली की वळणासाठी उरत नाही. चारही चाकांचे रस्त्याला टेकलेले भाग एकत्र केले तरी चार तळहातांएवढीच जागा होते. एबीएस, ईएससी वगैरे सगळी हुशारी तेवढ्या जागेतली रक्कम नीट वाटते. रकमेत भर घालत नाही. (आमच्या ऑफिसात सर्व्हर कमी पडला की नवा घेतात, इथं तसं नाही.)

चोर्ल्याच्या खाली एक उजवं वळण आहे, उतार आणि वळण एकाच वेळी. पहिल्या पावसाळ्यात तिथं माझ्या गाडीचा ईएससीचा दिवा कधी लागला नाही. यंदा जुलैमध्ये, तेवढ्याच वेगात, दोनदा लुकलुकला. मागे आई-बाबा होते, बाबा झोपलेले. घरी येऊन खाचा मोजल्या. गाडी एकतीस हजार किलोमीटर चाललेली. नव्या टायरला साधारण आठ मिलीमीटर खोली असते. माझ्या पुढच्या चाकांना तीन, मागच्यांना साडेतीन उरलेली. दर आठ-दहा हजारांनी चाकं पुढची मागं फिरवत आलो म्हणून सगळी जवळपास सारखी झिजली होती. कायद्यानं १.६ मिलीमीटरपर्यंत चालतं. खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते तेवढ्या उंचीचे, रबर त्यांच्या पातळीला आलं की संपलं.

टायरवाले मामा प्रामाणिक. वाकून बघितलं, बोटानं खाच चाचपली आणि म्हणाले, "अजून दहा हजार निघतील की, सर. कशाला घाई?" बाबांचंही तेच. "अरे, खाचा दिसताहेत की! आमच्या जीपला तर निव्वळ कापड दिसेपर्यंत चालवायचो." चार टायरचे पस्तीस हजारांच्या घरात जाणार होते, त्यामुळे दोघांचं म्हणणं मला पटायलाही सोपं होतं. कोरड्या रस्त्यावर ते बरोबरही आहे. घासलेला टायर कोरड्यात उलट घट्ट धरतो. पण चवथ भाद्रपदात येते, आणि कणकुंबीचा भाद्रपद कोरडा नसतो. मी तीन मिलीमीटरची रेघ धरली. १.६ ही रेघ ज्यानं आखली त्याला चोर्ल्यात परतीला बाबांकडे किल्ली द्यायची नव्हती.

कुठले घालायचे यावर मित्रांशी दोन संध्याकाळी वाद झाला. एकाचं म्हणणं २०५/५५ घाल. आकडेमोड केली: व्यास ११ मिलीमीटरनं वाढतो, स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी खरी १०१.८ वर असेल. फरक किरकोळ, पण मिळणार काय? दिसणं, आणि वर म्हटलं तसं जास्त पाणी. दुसऱ्याचं म्हणणं खास स्पोर्ट टायर घे. ते अनमोडच्या कोरड्या वळणांवर मजा देतात, मी मित्राच्या गाडीतून अनुभवलंय. पण लाल चिखलात त्याची गाडीही माझ्याएवढीच जपून चालवावी लागते. शेवटी माप तेच, १९५/५५ आर १६, भार आणि वेगाचा कोड तोच, ८७ व्ही. फक्त ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी नाव असलेला, जरा शांत स्वभावाचा टायर निवडला. साइडवॉलवरचे चार आकडे तपासले. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका, रबर बसूनही म्हातारं होतं.

ज्यांनी चाकं फिरवलेली नाहीत आणि पुढची जोडीच गेली आहे, त्यांनी दोनच घेतले तरी हरकत नाही. पण नवी जोडी मागं लावायची, पुढं नाही, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. यावर दुकानात हमखास वाद होतो, आपण ठाम राहायचं.

टायर चवथीच्या दोन आठवडे आधी बसवले. नव्या टायरवर साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवावं लागतं. तेवढे खानापूरच्या फेऱ्यांत झाले. निघायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा दाब भरला. पाच माणसं, दोन पोती भाजी आणि आत्याला कुंदा, म्हणजे भरलेलीच.

मायलेज थोडं उतरलंय, पंधराच्या जरा वर होतं ते आता जेमतेम पंधरा. आवाज कमी झालाय, हे आईनं सांगितलं. त्या उजव्या वळणावर जाताना पाऊस होता, धुकंही होतं, दिवा लागला नाही. येताना गाडी बाबांनी चालवली. त्याच वळणावर मी मागच्या सीटवरून डॅशबोर्डकडे बघत होतो. त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि माझ्या मुलीला विचारलं, "सांग बघू, आता इथला पाऊस कुठल्या समुद्राला जाणार?"