जमेची बाजू

अहिल्यानगर शहर आणि भिंगार यांच्या मध्ये भुईकोट किल्ला उभा आहे. डोंगरावरील गडासारखा तो लांबून नजरेत भरत नाही. खंदकाच्या काठाशी पोहोचावे तेव्हाच त्याची दगडी भिंत समोर येते. हुसेन निजामशाहाने सोळाव्या शतकात त्याला दगडी तटबंदी दिली, चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढवला आणि १८०३ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. कापड बाजारात किंवा आडते बाजारात पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्या घरांतील मुलांनाही हा इतिहास ठाऊक असतो. पंडित जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ याच किल्ल्यात लिहिला, हेही बहुतेकांना माहीत असते. त्याच भिंतींआड घडलेली आणखी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती आहे पहाटेच्या चहाची, तांदळाच्या दाण्यांची आणि काही चिमण्यांची.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड सुरू झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. कार्यकारिणीतील सदस्यांना नगरच्या किल्ल्यात आणले गेले. नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, पट्टाभी सीतारामय्या, महाराष्ट्राचे शंकरराव देव असे बारा जण तेथे एकत्र आले. त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद हेही त्यांत होते. खटला नव्हता, शिक्षा सुनावलेली नव्हती, म्हणून सुटकेची तारीखही नव्हती. कैद्याला मुदत माहीत असली तर तो दिवस मोजतो. या बारा जणांना मोजण्यासाठी काहीच दिलेले नव्हते. पुढे त्यांतील बहुतेकांची अडीच वर्षांहून अधिक काळ या आवारात गेली.

बाहेर देश पेटला होता आणि महायुद्ध चालू होते. सुरुवातीच्या दिवसांत किल्ल्यात वर्तमानपत्रही येऊ दिले जात नव्हते. घरच्यांचे काय झाले, कोण तुरुंगात आहे, कोण आजारी आहे, काहीच कळत नव्हते. अशा अंधारात माणूस काय धरून राहतो, याचे उत्तर मौलानांनी तेथे लिहिलेल्या पत्रांतून मिळते. ही पत्रे त्यांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून उर्दूत लिहिली. ती टपालात टाकण्याची सोय नव्हती. मौलाना लिहीत आणि कागद बाजूला ठेवून देत. सुटकेनंतर १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्या पत्रांतून मौलानांचा दिवस दिसतो. त्यांना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठण्याची जुनी सवय होती. सारा किल्ला निजलेला असे. ते स्वतःच्या हाताने चहा करीत. हा चहा चिनी पानांचा, चमेलीच्या सुगंधाचा, आणि बिनदुधाचा. दूध-साखर घालून उकळलेला चहा त्यांना मुळीच मान्य नव्हता. त्याला ते पातळ हलवा म्हणत. नेहरू बिनदुधाचा चहा घेत असत, पण त्यांची पानेही मौलानांच्या पसंतीस उतरत नव्हती. नगरच्या अमृततुल्याच्या घोटाने ज्यांचा दिवस उघडतो, त्यांना मौलानांचा हा निवाडा कदाचित पटणार नाही. परंतु त्या पेल्यामागील वृत्ती कोणालाही पटावी. ज्याच्या हातातून पक्षाचा कारभार, घर, मित्र, बातमी हे सारे काढून घेतले होते, त्याने पहाटेचा एक तास कोणालाही काढून घेऊ दिला नाही. ते सावकाश घोट घेत, लिहीत आणि उजाडण्याची वाट पाहत.

पत्रांतील एक विचार विशेष मोलाचा आहे. मौलानांच्या मते आनंदी राहणे ही केवळ मनाची गरज नाही. ते एक नैतिक कर्तव्य आहे. माणसाचे दुःख त्याच्यापुरते राहत नाही, त्याच्या चेहऱ्यावरून ते सोबत राहणाऱ्यांच्या मनात उतरते. बारा माणसे एकाच आवारात, एकाच जेवणाच्या मेजावर, महिनोन्‌महिने राहणार असतील, तर एकाचा खिन्न चेहरा अकरा जणांची भाकरी कडू करतो. म्हणून आपली प्रसन्नता जपणे म्हणजे दुसऱ्यांचे देणे फेडणे होय.

हे देणे प्रत्येकाने आपापल्या परीने फेडले. नेहरूंनी कुदळ हाती घेतली. आवारातील जमीन वाईट होती. दगडगोटे आणि जुन्या पडक्या बांधकामांचा राडारोडा तिच्यात भरला होता. नेहरू तासन्‌तास खणत, वाफे करीत, फुलझाडे लावीत. खणताना पुरातन भिंतींचे अवशेष लागत, पण अधिक खोल खणण्यास अधिकाऱ्यांची संमती नव्हती. त्याच आवारात बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या पुढे येऊन पोहोचल्या आणि नेहरूंच्या ग्रंथाच्या आरंभीच त्या दुष्काळाची वेदना उमटली. फुलांच्या वाफ्यांनी ती वेदना पुसली नाही. पण हातांना काम आणि डोळ्यांना रंग मिळाले, म्हणून तीच वेदना लेखणीने पेलता आली. पट्टाभींनी तेथे दैनंदिनी लिहिली, हरेकृष्ण महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला. ज्याला जे येत होते, ते त्याने सुरू ठेवले.

मौलानांच्या वाट्याला चिमण्या आल्या. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांची घरटी होती. दिवसभर काड्या आणि कचरा खाली पडे, लिहिण्याचे मेज खराब होई. मौलानांनी प्रथम युद्ध पुकारले. छत्री घेऊन चिमण्यांना हुसकले, मग बांबू हाती घेतला. पाखरे उडून जात आणि थोड्या वेळाने परत येत. अखेर मौलानांनी हार मानली आणि तहाचा मार्ग धरला. जमिनीवर तांदळाचे दाणे टाकले आणि आपण लिहिण्यात गढलो आहोत असे दाखवत ते स्तब्ध बसून राहिले. पहिल्या दिवसांत चिमण्या दुरूनच मान वाकडी करून पाहत. हळूहळू दाणे जवळ सरकले आणि चिमण्याही जवळ आल्या. त्यांच्या स्वभावांवरून मौलानांनी त्यांना नावे दिली. एकाला कलंदर म्हटले, एकाला मुल्ला, एकीला मोती. शेवटी चिमण्या त्यांच्या तळहातावरील दाणे टिपू लागल्या. एक मोठा विद्वान आपली सारी चिकाटी पणाला लावून चिमणीचा विश्वास संपादन करतो आणि त्याचा वृत्तान्त एखाद्या विजयाप्रमाणे लिहितो, हे वाचताना हसू येते. मग ध्यानात येते की त्या भिंतींआड त्यांना मिळवता येण्याजोगा तोच एक विजय होता, आणि तो त्यांनी कोणालाही न दुखवता मिळवला होता.

या आनंदाची खरी परीक्षा १९४३ च्या वसंतात झाली. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. ऑगस्टच्या आरंभी मौलाना मुंबईस निघाले तेव्हा त्या निरोप द्यायला दारापर्यंत आल्या होत्या. काही विशेष घडले नाही तर १३ ऑगस्टपर्यंत परत येईन, असे मौलानांनी सांगितले होते. 'खुदा हाफिज' एवढेच त्या बोलल्या. आता त्यांचे दुखणे वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारला काही कळवायचे असल्यास आपण ते तात्काळ पोहोचवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. नेहरूंनीही त्यांच्याशी बोलून पाहिले. मौलानांनी परक्या सरकारपुढे विनंती करण्यास नकार दिला. ९ एप्रिलला तार आली. झुलेखा बेगमचे निधन झाले होते.

दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलाना स्वतःचा कबुलीजबाब देतात. आजारपणाच्या त्या दिवसांत त्यांनी आपला कोणताही नेम मोडला नव्हता. वेळेवर जेवण, वेळेवर लिखाण, सहकाऱ्यांशी पूर्वीप्रमाणेच बोलणे. मात्र वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याची पावले ऐकू आली की काळीज धडधडू लागे. धावत जाऊन पत्र उघडावेसे वाटे. तरी ते दाराकडे पाठ करून बसून राहत आणि लिहिण्यात मग्न असल्याचे दाखवीत. ही शांती बऱ्याच अंशी देखावा होती, असे ते लपवाछपवी न करता लिहितात. आवारात एक जुनी कबर होती. ती कोणाची हे ठाऊक नव्हते. इतके महिने ती रोज दिसत होती. आता मात्र तिच्याशी आपले नवे नाते जडल्यासारखे वाटते, असे त्यांनी लिहिले.

या कबुलीमुळेच मौलानांच्या चहावर आणि चिमण्यांवर विश्वास बसतो. आनंद हे कर्तव्य मानणारा हा माणूस दुःखाला लहान लेखत नव्हता, आणि सुगंधी पेल्याने दुःख बुडते असा दावाही करत नव्हता. दोन्ही गोष्टी त्याने जशा होत्या तशा लिहून ठेवल्या.

व्यापारी घराला ही रीत परकी वाटू नये. जुन्या वहीत पानाच्या एका बाजूला जमा असते आणि दुसऱ्या बाजूला नावे. नावे मोठी पडली म्हणून कोणी जमेची बाजू कोरी ठेवत नाही. आठ आणे आले तरी त्यांची नोंद होते. तसेच, जमा लिहिली म्हणून नावे पडलेली रक्कम पुसता येत नाही. पुसली तर वही खोटी ठरते. कठीण काळात मात्र मनाच्या वहीत अनेकदा एकच बाजू लिहिली जाते. पाऊस नाही, गिऱ्हाईक नाही, उधारी अडकली आहे, दवाखान्याचा खर्च थांबत नाही, या रकमा रोज नावे टाकल्या जातात. त्याच दिवशी सुनेने न मागता पुढे ठेवलेला गरम फुलका, जुन्या गिऱ्हाइकाने केवळ खुशाली विचारायला केलेला फोन, नातवंडाने वहीच्या मागच्या पानावर काढलेले वेडेवाकडे चित्र, या जमा लिहायच्या राहून जातात.

नगर जिल्ह्याने कठीण काळ वारंवार पाहिला आहे. १९७२ चा दुष्काळ ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. २०२० च्या टाळेबंदीत बंद शटरांमागे बसून काढलेले दिवस तरुणांच्याही स्मरणात आहेत. अशा दिवसांत सायंकाळी दुकान वाढवून घरचा कर्ता पायऱ्या चढतो, तेव्हा सारे घर त्याचा चेहरा वाचते. चपलांच्या आवाजावरून आईला दिवस कळतो. मुले अभ्यासाचे पुस्तक उघडे ठेवून कानोसा घेतात. हा चेहरा केवळ त्याचा नसतो, त्यावर साऱ्या घराची रात्र अवलंबून असते. याचा अर्थ त्याने खोटे हसू चढवावे असा नाही. तोटा झाला असेल तर तो घरात सांगावा, कारण लपवलेला तोटा घराला अधिक जड जातो. परंतु तोट्याच्या शेजारी जमेची एखादी ओळही वाचून दाखवावी. भरल्या घरात प्रत्येकाचे एकमेकांकडे एवढे देणे निघते.

१९४५ च्या जूनमध्ये मौलानांची सुटका झाली. ते कलकत्त्यास पोहोचले तेव्हा स्वागताला प्रचंड गर्दी लोटली होती आणि त्यांची मोटार पुष्पहारांनी भरून गेली होती. दाराशी उभे राहून निरोप देणारी पत्नी त्यांना आठवली. घरी जाण्याआधी त्यांनी मोटार कबरस्तानाकडे वळवायला सांगितली. गाडीतील हारांपैकी एक उचलून त्यांनी झुलेखा बेगमच्या कबरीवर ठेवला आणि मूकपणे प्रार्थना केली. आनंद आणि दुःख यांची नोंद त्या दिवशी पुन्हा एकाच पानावर झाली.

नगरच्या जुन्या पेठांतील कित्येक घरांत अजूनही सकाळी गच्चीवर किंवा ओट्यावर पाखरांसाठी दाणे टाकले जातात. आजीने लावलेला तो नेम नातवाच्या हाती येतो. दुकानाचे कुलूप काढण्याआधी दाण्यांची ती मूठ रिकामी करताना क्षणभर थांबावे, चिमणी येते का ते पाहावे. ती आली, तर आजच्या पानावर जमेची पहिली ओळ लिहून झाली असे समजावे, आणि मग दिवसाच्या हिशेबाला बसावे.