किंग सिटीला उतरलो तेव्हा

मोठ्या विमानात बसताना बॅगेचं वजन करतात, माणसाचं कुणी विचारत नाही. चार सीटच्या सेस्ना १७२ मध्ये मात्र आधी आपलंच वजन विचारतात, आणि खरं सांगावं लागतं! विमान, माणसं, सामान, पेट्रोल सगळं मिळून साडेअकराशे किलोच्या आसपास मर्यादा. त्यामुळे मित्र वहीत बेरीज करत बसतो. मग विमानाभोवती फेरी, पंखांतलं थोडं पेट्रोल एका नळीत काढून त्यात पाणी नाही ना ते बघणं, तेल बघणं. गॅरेजमध्ये आल्यासारखं वाटतं.

मित्राकडे खासगी पायलटचं लायसन्स आहे. विमान स्वतःचं नाही हं, तासावर भाड्याने घेतलेलं. अमेरिकेत अशा लायसन्सवर पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. भाडं आणि पेट्रोल वाटून घेता येतं, पण पायलटनेही आपला वाटा भरायचाच.

तर गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं सॅन होजेहून सॅन लुई ओबिस्पोला गेलो होतो. जुन्या मित्राकडे सत्यनारायण होता. गाडीने तीन तास, विमानाने सव्वा तास. संध्याकाळी जेवायला घरी परत, असा बेत. त्याला कारणही होतं. चार महिने आमच्याकडे राहून बाबा दुसऱ्या दिवशी भारतात परत चालले होते. बायकोने भरली वांगी केली होती. बाबांचं वय आता ७८. पुढच्या वेळी ते येतील की नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं एवढंच.

निघायला उशीर झाला. सूर्य कलला होता, खाली सॅलिनासचं खोरं, शेतांच्या पट्ट्या, बाजूने जाणारा १०१ हायवे. सुंदर दिसत होतं. पण पुढे खोऱ्यात कापूस भरल्यासारखं पांढरं. उन्हाळ्यात संध्याकाळी मॉन्टेरेच्या खाडीवरून ढग असे आत सरकतात. मित्राने टॅबलेटवर हवामान बघितलं, पुन्हा बघितलं.

"वरून नाही जाता येणार?" मी विचारलं.

"जाता येईल. पण तिकडेही बंद झालं तर उतरणार कुठून? अंधार होतोय."

ढगात नुसत्या उपकरणांवर उडायला वेगळं रेटिंग लागतं, ते त्याच्याकडे नाही. बाहेर काही दिसेनासं झालं की कान फसवतात, विमान कललेलं असतानाही सरळ चाललंय असं वाटतं. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन केनेडी ज्युनिअर असाच धुरकट हवेत समुद्रावर गेला. बरोबर बायको आणि मेहुणी. ते रेटिंग त्याच्याकडेही नव्हतं.

पाच मिनिटांनी आम्ही किंग सिटीच्या छोट्याशा धावपट्टीवर होतो. जवळजवळ अर्धी वाट. तिथे चिटपाखरू नव्हतं. मित्राने दोऱ्यांनी विमान बांधलं, मग वहिनींना फोन केला. त्या पावणेदोन तास गाडी चालवून न्यायला येणार! फोन ठेवून माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सॉरी यार, बाबांचं जेवण."

मी घरी फोन लावला. बाबा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, सावंतवाडी डेपोला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं केलंत. आंबोलीत धुकं उतरलं की मी पण गाडी कडेला घ्यायचो. पॅसेंजर ओरडायचे. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न... ओरडू देत." मग जरा थांबून, "त्याला म्हणावं, चांगला ड्रायव्हर आहेस."

मी ते मित्राला सांगितलं. तो हसला, पण मग बराच वेळ काही बोलला नाही.

आपल्याकडे धाडसाचं कौतुक होतं. वेळेवर पोचवणाऱ्याचंही होतं. "नको, इथेच थांबू" म्हणणाऱ्याचं कोण करणार? काही घडतच नाही, मग सांगायचं काय! बाबांच्या ३१ वर्षांत असे किती थांबे झाले असतील आणि घरी आल्यावर त्यांनी त्यातलं एकही सांगितलं नाही. आम्हाला फक्त "आज उशीर झाला" एवढंच कळायचं, आणि आई ताट वाढायची.

त्या रात्री घरी पोचायला साडेबारा वाजले. वांगी गार झाली होती. बाबा जागे होते, बॅगेला दोरी बांधत बसले होते.