‘रामी’चा पहिला भाग

‘रामी’ (२०१९) या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग पाहिला. न्यू जर्सीतल्या मशिदीत रामी वजू करतोय. एक बुजुर्ग टोकतात, पायाच्या बोटांमध्ये पाणी गेलं नाही! मी खळखळून हसले. असे बुजुर्ग आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

पडद्यावरचा मुसलमान एक तर दहशतवादी, नाहीतर देवमाणूस. रामी युसूफने स्वतः घडवलेला आणि साकारलेला हा नायक दोन्ही नाही. त्याला नमाज सोडवत नाही, मौजही सोडवत नाही.

हसू थांबलं ते गाडीतल्या प्रसंगाला. घरच्यांनी सुचवलेली मुसलमान मुलगी स्वतःहून जवळ येते आणि रामी दचकतो. जी सूट तो स्वतःला देतो, ती तिला द्यायला तयार नाही. गुनाह सारखा, मग लाज तिच्या एकटीची का? सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. आपल्या घरांत मात्र मुलगा उशिरा आला तर वय, मुलगी आली तर बदनामी.

मालिका मुलांसोबत बसून पाहण्यासारखी नाही. पण हा प्रश्न त्यांच्याशी, आधी मुलग्यांशी, बोलायलाच हवा.