स्टॅच्यू!

माझा भाचा सहा वर्षांचा होता. सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची, मग दिवसभर ठणठणीत. पोट बिघडलं असेल म्हणून आम्ही ओवा, हिंग देत राहिलो. पुढे चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तेव्हा एमआरआय केला. छोट्या मेंदूत गाठ, मेड्युलोब्लास्टोमा. भोपाळहून पंजाब मेलने आम्ही मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये गेलो. ताई, भाऊजी आणि मी. "तू इंजिनिअर आहेस, तुला कळेल," असं आईने ठरवून टाकलं होतं.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, रेडिएशन लागेल, डोक्याला आणि पूर्ण कण्याला. ताईने एकच विचारलं, "हा शाळेत जाऊ शकेल ना?"

सगळी अडचण त्या प्रश्नातच होती. या गाठीच्या पेशी मेंदू-कण्याभोवतीच्या पाण्यातून पसरतात, म्हणून कणा सोडता येत नाही. पण वाढत्या मेंदूला डोस जास्त झाला की पुढे अभ्यास, उंची, हार्मोन्स, सगळ्यावर परिणाम होतो. पूर्वी पूर्ण मेंदू आणि कण्याला ३६ ग्रे देत. आता कमी जोखमीच्या मुलांना केमोथेरपीच्या जोडीने २३.४ देतात, गाठीच्या जागी मात्र ५४ पर्यंत.

"आणखी कमी का नाही?" मी विचारलंच. तेव्हा कळलं, आजाराच्या सगळ्यात सौम्य प्रकारात कण्याचं रेडिएशन वगळून पाहण्याचा प्रयोग टाटामध्येच झाला होता. आजार उलटला, प्रयोग थांबवावा लागला.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. लहान मुलाचा मणका किरणांत अर्धवट आला तर एक बाजू वाढते, दुसरी नाही, आणि पाठ वाकडी होते. म्हणून मणका पूर्ण रुंदीने घेतात. मोठ्यांचा प्लॅन लहान करून मुलांना चालत नाही.

मास्क म्हणजे गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवलेली प्लास्टिकची जाळी. त्यात अजिबात हलायचं नाही, खोलीत एकट्याने राहायचं. फार लहान मुलांना रोज भूल देतात. आम्ही मुक्कामाच्या खोलीत सराव केला. मी ओरडायचो, "स्टॅच्यू!" मास्कवर स्पायडरमॅन रंगवला. सहा आठवडे, तीस वेळा, तो भुलीशिवाय पडून राहिला. बाहेर ताई बोटं मोजत बसायची.

आज तो दहा वर्षांचा आहे. शाळेत जातो. गणिताला वेळ लागतो, उंची वर्गात सगळ्यात कमी, थायरॉइडची गोळी रोज. क्रिकेटमध्ये आउट झाला तरी मान्य करत नाही.

प्रोटॉनचे किरण ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे कण्यापुढचं हृदय, पोट वाचतं. तेव्हा ती सोय देशात चेन्नईतच होती. आता खारघरला टाटाच्या केंद्रातही आहे.

मंडळी, मुलाला पहाटेची उलटी आणि डोकेदुखी वारंवार होत असेल तर ओव्यावर थांबू नका. आम्ही दीड महिना थांबलो होतो.