नखभर गोष्ट

वार्षिकासाठी काहीतरी लिही, असं मराठीच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा माझ्यापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. माझ्या मैत्रिणी पावसावर लिहितात, प्रेमावर लिहितात. एकीने तर गेल्या वर्षी मृत्यूवर पाच पानं लिहिली आणि ती अजून ठणठणीत आहे. मला येतं ते एकच. नखं. गेली दोन वर्षं कॉलेज सुटलं की मी घाटकोपर पूर्वेच्या एका लहानशा ब्यूटी पार्लरमध्ये काम करते. केस आणि चेहरे जुन्या मुलींकडे, माझ्या वाट्याला हात आणि पाय. तेव्हा वाचकहो, यंदा नखांवर भागवून घ्या.

तशी आपल्या भाषेने नखाची उपेक्षा केलेली नाही. आपण नखशिखान्त भिजतो, कुणाला कुणाच्या नखाचीही सर नसते. संस्कृतच्या तासाला ‘नखक्षत’ हा शब्द आला तेव्हा सरांनी तो इतक्या घाईने ओलांडला, की सगळ्या वर्गाने त्याचा अर्थ त्याच दिवशी शोधून काढला. आणि 2024 च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा माझी आई, जी माण तालुक्यातली, ती टीव्हीपुढे हात जोडून उभी राहिली. मग स्वतःच्या बोटांकडे बघून म्हणाली, “आमची नखं कोण ठेवायचं काचेत?”

आईची नखं हाच या लेखाचा विषय आहे. बाकीचं ओघाने आलं.

आम्ही असल्फ्याच्या डोंगरावर राहतो. घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रोतून उजव्या-डाव्या अंगाला निळी, पिवळी, गुलाबी घरं दिसतात आणि लोक मोबाइल काढतात, ती आमची. 2018 च्या सुमारास स्वयंसेवक रंगाचे डबे घेऊन वर आले आणि त्यांनी आमच्या भिंती रंगवल्या. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या गल्लीत मीही एक ब्रश हातात धरला होता. दिसायला छान झालं, खोटं कशाला बोलू? पाण्याचे हंडे मात्र होते तेवढ्याच पायऱ्या चढवावे लागले.

आई चार घरची धुणीभांडी करते. दिवसातले पाच-सहा तास तिचे हात साबणाच्या पाण्यात. तिची नखं म्हणजे जुन्या वहीचा कोपरा. पापुद्रे सुटलेले, एकावर एक. लुगड्याच्या दोऱ्याला अडकायची, लसूण सोलताना दुमडायची. इकडे पार्लरमध्ये मी रोज बघत होते की दहा नखं कशी राखतात ती. कोमट पाण्याच्या वाडग्यात हात, मग मागची कातडी हलकेच लोटायची, कानशीने एकाच दिशेने घासायचं, बफरने चकाकी, हातांना मालीश. आणि ज्यांची नखं तुटतात त्यांना शेवटी एक पारदर्शक लेप. आम्ही त्याला ‘हार्डनर’ म्हणतो. दीदी, म्हणजे आमच्या मालकीणबाई, गिऱ्हाइकाला सांगतात, “याने नखं लोखंडासारखी होतात.” त्याचे शंभर रुपये वेगळे.

या लेपाला एक वास होता. पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा मला वाटलं, हा वास आपल्या ओळखीचा आहे. पण कुठला ते आठवेना. आठवलं असतं तर बरं झालं असतं.

आषाढात तळाशी घट्ट झालेली एक बाटली दीदी टाकून देत होत्या. मी मागून घेतली, थोडं थिनर घालून सैल केली आणि घरी आणली. आईला पटवायला दोन दिवस लागले. “मला कुठं लग्नाला उभं राह्यचंय?” रात्री भाकरी झाल्यावर तिला दिव्याखाली बसवायची आणि दहाही नखांवर ब्रश फिरवायची. तिचा हात माझ्या गुडघ्यावर. वाचकहो, दोन वर्षांत मी शेकडो बायकांचे हात हातात घेतले, पण आईचा हात इतका वेळ धरून बसायची ती पहिलीच वेळ. तिच्या तळव्याला सोड्याने पडलेल्या बारीक भेगा मी तेव्हा मोजल्या. त्या रात्री तिने एक गोष्ट सांगितली. गावी बगळ्यांची माळ आभाळातून जाताना दिसली की पोरी नखावर नख घासत पळायच्या आणि बगळ्याकडे पांढरी फुलं मागायच्या. नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळ्याने फूल दिलं. (पुढे मला कळलं, तो ठिपका बहुधा नखाच्या मुळाला लागलेल्या लहानशा माराचा असतो, कॅल्शियम कमी पडल्याचाही नसतो. पण हे आईला सांगण्यात काय अर्थ?)

पंधरा दिवसांत गुण आला. नखं खरोखर टणक झाली. दुमडेनात. आई भांड्याच्या कडेवर नख वाजवून शेजारणींना दाखवी. मला इतका आनंद झाला की मी एक दिवसाआड लेप द्यायला लागले. चांगली गोष्ट जास्त केली तर जास्तच चांगली होईल, हा माझा हिशोब. बाटली संपली तेव्हा दुसरी पगारातून विकत घेतली.

आश्विनात दिवाळीची साफसफाई सुरू झाली. एका घरी कढईचा काळा थर खरवडताना आईच्या उजव्या अंगठ्याचं नख आडवं, मधोमध, पाटीवरच्या पेन्सिलीसारखं काडकन मोडलं. आतल्या मांसापर्यंत. तिने चिंधी बांधली आणि उरलेली दोन घरं उरकली. तिसऱ्या दिवशी अंगठा टरारून सुजला, पू धरला, नखुर्डं झालं. महापालिकेच्या इस्पितळात सुटलेलं नख कापून काढलं, आणि आठ दिवस पाण्यात हात घालायचा नाही असं बजावलं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला, दिवाळीच्या आठवड्यात!

तिथल्या त्वचारोगाच्या डॉक्टर तरुण होत्या. बाकीची नऊ नखंही त्यांनी बघितली आणि विचारलं, “यांना काय लावता?” मी पिशवीतून बाटली काढली. त्यांनी झाकण उघडून ती माझ्या नाकाशी धरली, आणि त्या क्षणी मला आठवलं. ज्युनिअर कॉलेजला मी सायन्सला होते. प्रयोगशाळेच्या कपाटात बरणीत बेडूक ठेवलेला असायचा. फॉर्मॅलिन!

डॉक्टरांनी जे सांगितलं आणि नंतर मी ग्रंथालयात बसून जे वाचलं, ते मिळून असं आहे. नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे, मेलेल्या पेशींचे थर. जिवंत असतं ते फक्त कातडीखालचं मूळ. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने. त्याचा टणकपणा कॅल्शियममुळे नसतो, ते त्यात नाममात्र. गंधकाच्या सांध्यांनी प्रथिनाचे धागे एकमेकांना बांधलेले असतात, त्याचा तो टणकपणा. फॉर्माल्डिहाइडचा लेप या धाग्यांत आणखी टाके घालतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत नख कडक होतं, ते खोटं नव्हे. पण टाके वाढतच गेले की नखाची लवचीकता जाते. चांगलं नख वेताच्या छडीसारखं हवं. वाकावं आणि परत सरळ व्हावं. आईचं मऊ नख पूर्वी दुमडायचं, मोडत नव्हतं. मी ते मोडण्याजोगं केलं.

आणि तिचं मूळ दुखणं वेगळंच होतं. नख पाणी भराभर पितं आणि फुगतं. वाळलं की आकसतं. दिवसातून वीस वेळा फुगून आकसलं की थर सुटतात. त्याला उपाय लेपाचा नाही, पाणी कमी करण्याचा. आणि ते माझ्या बाटलीत नव्हतं. युरोपात नखांच्या अशा लेपात 2.2 टक्क्यांहून जास्त फॉर्माल्डिहाइड चालत नाही, आणि हे द्रव्य माणसात कर्करोग घडवू शकतं असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2004 सालीच दिला आहे. सगळे लेप असे नसतात, हेही सांगायला हवं. काहींत नुसतं बारीक धाग्यांचं अस्तर असतं, काहींत कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेलं द्रव्य. पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय मला कुठे होती? इंग्रजी कविता वाचताना मी शब्दकोश उघडते, बाटली वाचताना उघडला नाही.

आता सांगायला जड जाणारा भाग. त्याच आठवड्यात पार्लरमध्ये एक बाई आल्या. दिवाळीचं मॅनिक्युअर. मी त्यांना ओळखत होते. आई ज्या कढईपाशी मोडली ती कढई त्यांची. त्या मला ओळखत नव्हत्या. वाडग्यात हात बुडवून त्या दीदींना सांगू लागल्या, की ऐन दिवाळीत कामवाली बसली घरी, नख तुटल्याचं निमित्त करून. आता दुसरी ठेवली. मी कानस चालवत होते. एकाच दिशेने, शिकवल्याप्रमाणे. मी सांगायला हवं होतं का, की ती माझी आई? ते निमित्त नव्हतं, आणि नख तुमच्या कढईने नव्हे तर मी तोडलं? हे सगळं ओठांशी आलं आणि तिथेच राहिलं. बाई वाईट नव्हत्या. गेल्या वर्षी माझ्या फीला कमी पडले तेव्हा आईला त्यांनीच आगाऊ पैसे दिले होते. हेही मला त्याच वेळी आठवत होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, “तो लेप लाव ग, माझीही नखं हल्ली तुटतात.” दीदी समोरच होत्या. मी म्हणाले, “काकू, लेप नको. नखं लहान ठेवा, रात्री तेल चोळा आणि भांड्यांना हातमोजे घाला.”

“मी कुठे भांडी घासते?” काकू हसून म्हणाल्या.

शंभर रुपये बुडाले ते दीदींनी माझ्या पगारातून कापले नाहीत, पण दोन दिवस बोलल्याही नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच बाटली उचलली, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली आणि काही न बोलता ती मागच्या फळीवर ठेवली. नवी आणलेली नाही. मागितलं तर अजून देतात.

ते घर सुटलं ते सुटलं. बोनसही गेला. आईला मी सगळं सांगितलं, फॉर्मॅलिनपासून काकूंपर्यंत. वाटलं, रागावेल. ती म्हणाली, “तू लावत बसायचीस ते बरं वाटायचं.” रबरी हातमोजे आणले तर म्हणते काचेचे पेले निसटतात, मोठी भांडी असली तर घालते, पेल्यांना काढून ठेवते. मीही हट्ट धरत नाही. रात्री तेलाची वाटी मात्र चुकवत नाही. तिचा हात माझ्या गुडघ्यावर, आणि मी पट्टी घेऊन अंगठ्याचं नख मोजते. जानेवारीत ते दोन तृतीयांश आलं आहे.

परवा सूर्यास्ताच्या वेळी आम्ही दोघी दाराच्या पायरीवर बसलो होतो. खालून मेट्रो गेली. कुणीतरी आमच्या गुलाबी भिंतीचा फोटो काढला असेल. पवईच्या बाजूने बगळ्यांची माळ आली. आईने वर पाहिलं आणि नखावर नख घासायला सुरुवात केली. अंगठा तेवढा जपून बाजूला धरला होता.