हॅम्बुर्गच्या गोदामांत एकपानी अहवाल

बाऊमवाल हे हॅम्बुर्गचे स्थानक जमिनीपासून उंचावर, खांबांवर उभे आहे. फलाटावरूनच एल्बे नदीचे बंदर दिसते आणि कालव्यापलीकडे तांबड्या विटांची उंच गोदामे ओळीने उभी दिसतात. हॉटेलच्या दारातल्या माणसाने आम्हाला ‘मॉइन’ म्हणून अभिवादन केले. सकाळ असो वा रात्र, येथे हा एकच शब्द पुरतो. या शहराच्या बोलण्याच्या काटकसरीची ती पहिली खूण होती. ती मला तेव्हा उमगली असती तर पुढची फजिती टळली असती.

या गोदामवस्तीला श्पायखरश्टाट म्हणतात. १८८३ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा तिच्यासाठी सुमारे वीस हजार माणसांची वस्ती उठवण्यात आली. दलदलीत हजारो लाकडी खांब ठोकून त्यांवर या इमारती तोलल्या आहेत. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला रस्ता; माथ्यावरच्या कप्पीने होडीतला माल थेट मजल्यावर चढवायचा. कॉफी, चहा, मसाले, गालिचे असा जगाचा माल येथे साठत असे. २०१५ पासून ही वस्ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मला मात्र तेथे उभे असताना आमचे हरिपूर आठवत होते. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावातील पेवांत सांगलीची हळद वर्षानुवर्षे जमिनीखाली टिकत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुतेक पेवे निकामी केली. नदीकाठी माल सांभाळणारी माणसे दोन्हीकडची; एकाने तो खांबांवर उचलला, दुसऱ्याने भूमीच्या पोटात ठेवला.

आम्ही गेलो होतो ते एका नाजूक कामासाठी. पाठवलेल्या हळकुंडांच्या तीन लॉटपैकी दुसऱ्यात ओलावा १०.६ टक्के भरला होता. करारात १० टक्क्यांची मर्यादा होती. खरेदीदाराने लेखी अहवाल आणि समक्ष सादरीकरण मागितले होते. मी इंग्रजीचा खास वर्ग लावून चोवीस चित्रफलक सिद्ध केले. आरंभी वडिलांचे छायाचित्र, मग पेढीचा इतिहास, सांगलीचा बाजार, मग आमची तत्त्वे. ओलाव्याचा विषय एकविसाव्या फलकावर होता. तिसऱ्या फलकालाच समोरच्या वयस्क गृहस्थांनी शांतपणे विचारले, “दुसऱ्या लॉटचे काय झाले?” मी हसून म्हणालो, “वुई विल ट्राय अवर बेस्ट.” आपल्याकडे या वाक्यात आश्वासन असते. त्यांनी वहीत काही लिहिले आणि विचारले, “म्हणजे हो की नाही? आणि केव्हापर्यंत?” माझ्याजवळ तारीख नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ देऊन ते उठले.

दोष माझ्या इंग्रजी व्याकरणाचा नव्हता. बाजार समितीत आडत्याची भुवई हलली की आपल्याला भाव कळतो. निम्मा व्यवहार न बोलताच होतो. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ च्या ‘बियाँड कल्चर’ या ग्रंथात हाच भेद मांडला आहे. काही समाजांत अर्थ संदर्भात दडलेला असतो, काहींत तो शब्दांतच पुरा सांगावा लागतो. जपानी पहिल्या वर्गात येतात, जर्मन दुसऱ्या. आम्ही सांगलीकर कोठे येतो हे सांगायला नकोच. शिवाय इंग्रजी दोघांचीही परकी भाषा. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे आपल्या कचेऱ्यांतले लाडके वाक्य. पण नेमके काय करायचे, हे त्यातून जर्मन माणसाला कसे कळावे?

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीच्या वेळी जेवून घेतले. खरे तर जूनमध्ये तेथे सूर्य रात्री पावणेदहापर्यंत मावळत नाही, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घाई कसलीच नव्हती. जेवणानंतर मुलीने माझा अहवाल पुढे ओढला. म्हणाली, “अप्पा, यात खोटे काही नाही, पण खरे शोधायला बावीस पाने उलटावी लागतात.” हे मला लागले. कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत शिकतो. मी खोटा लेख केला नव्हता, पण आडपडदा ठेवला होता, हे मनाला नाकारता येईना.

तिने एकच पान लिहिले. पहिल्याच वाक्यात दुसऱ्या लॉटचा दोष मान्य केला. मग कारण : शिजवलेली हळद वाळत असताना अवकाळी पाऊस आला आणि आम्ही पुन्हा मोजमाप न करता माल भरला. त्यापुढे उपाय आणि तारीख. आकड्यांजवळ ती थांबली. आपण १०.६ लिहितो तेथे जर्मन १०,६ लिहितात. आपले १,२५० किलो त्यांच्या डोळ्यांना सव्वा किलो वाटू शकतात. म्हणून तिने हजारांतले स्वल्पविराम काढून टाकले आणि वजने टनांत मांडली. ‘होपफुली’ आणि ‘शॉर्टली’ हे माझे दोन आवडते शब्दही गेले. वडिलांचे छायाचित्र काढताना मात्र मी जरा भांडलो.

सकाळी नऊला पाच मिनिटे कमी असताना आम्ही पोहोचलो. त्या गृहस्थांनी पान हाती घेतले आणि निदान सहा-सात मिनिटे ते काही बोलले नाहीत. ती शांतता मला असह्य झाली. काहीतरी गोड बोलून ती भरून काढावी म्हणून मी तोंड उघडणार, तोच मुलीने टेबलाखाली माझा हात दाबला. मग प्रश्न आले, तिन्ही अडचणीचे. मोजमाप का राहिले? कोणाच्या जबाबदारीवर? पुन्हा पाऊस आला तर? दोनांची उत्तरे मी दिली. तिसऱ्याला “अजून ठरलेले नाही, वीस तारखेपर्यंत लेखी कळवतो” म्हणालो. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या लॉटवर सूट द्यावी लागली आणि पुढची मागणी निम्म्यावर आली. ती मात्र आली. बाहेर पडताना त्यांनी सांगितले की या शहरात १५१७ पासून ‘प्रतिष्ठित व्यापाऱ्यांची’ एक सभा आहे, आणि नंतर सहज विचारले, “तुमची पेढी कोणी सुरू केली?” मी खिशातले वडिलांचे छायाचित्र काढले. कालव्याच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

वीस तारखेच्या अहवालात आम्ही पावसाच्या दिवसांसाठी झाकलेले वाळवण घालायचे ठरवल्याचे कळवले. खर्चाचा आकडा पहिल्याच ओळीत होता.