हॉल उघडला, पण तळावर गेलो नाही

साखर कारखान्याच्या पट्ट्यात पाळक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मंडळी वाढवायची म्हणजे रविवारच्या उपासनेतली माणसं वाढवायची, एवढंच मला कळत होतं. समाजसेवा हा त्याचा रस्ता, असं मी धरून चाललो होतो. त्यापायी केलेल्या चुकांची किंमत मला एकट्याला मोजावी लागली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दिवाळीच्या सुमारास बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा संसार तळावरच्या कोपीत. बरोबर आलेल्या पोरांची शाळा सुटते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जवळच्या शाळेनं त्यांना दाखल करून घ्यायला हवं. पण आई-बाप फडात असताना पोराला शाळेपर्यंत पोचवणार कोण?

मी मंडळीच्या हॉलमध्ये संध्याकाळचा वर्ग काढला. पाट्या आणल्या, शहरातल्या एका दात्याकडून दप्तरं मिळवली. मुलं फारशी आली नाहीत. आले ते मुलगेच. मी आई-बापांना दोष दिला. या लोकांना शिक्षणाची किंमत नाही, असं उपदेशातसुद्धा बोललो. ते बोलणं आजही मला लागतं.

तळावर नुसता बसून राहिलो असतो, तरी मला दिसलं असतं. पहाटे अंधारात जोडी फडात जाते, तेव्हा नऊ-दहा वर्षांची पोरगी धाकट्याला काखेत घेऊन कोपीवर राहते. पाणी तिनंच भरायचं, चुलीला जळण तिनंच आणायचं. संध्याकाळी आई दमून येते आणि पोरीची धावपळ आणखी वाढते. मध्येच गाडी आली तर आई-बापांना रात्री-बेरात्री भरणीला जावं लागतं. मी वर्ग ठेवला होता तो नेमका त्याच वेळी. दिवसा ती पोरगी थोडी मोकळी असते, पण धाकट्यासकट. तान्ह्यांना जागा नसलेल्या वर्गात मुली येणारच नव्हत्या. हे मला मंडळीतल्या एका बाईंनी सांगितलं. त्यांचं लहानपण कोयत्यावर गेलेलं. दर रविवारी त्या माझ्यासमोर बसत, आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा हंगाम संपत आला होता.

दुसरी चूक याहून मोठी. वर्गाच्या सुरुवातीला मी प्रार्थना घेत असे, दप्तराबरोबर शुभवर्तमानाची पुस्तिका देत असे. बळजबरी कुठे आहे, अशी मी माझी समजूत घातली होती. पण उचलीखाली दबलेल्या माणसाला फुकट दप्तर देणाऱ्यापुढे नाही म्हणता येत नाही. एका बापानं मात्र दप्तर परत आणून ओट्यावर ठेवलं. “साहेब, पोराला शिकवा, पण आमचा देव आमच्यापाशी राहू द्या,” एवढंच म्हणाला.

गावात कुजबुज झाली आणि तिचा त्रास मंडळीतल्या माणसांना झाला. किराणा दुकानात, शेताच्या बांधावर लोक त्यांना जाब विचारू लागले. नगर जिल्ह्यात ही शंका जुनी आहे. 1876-78 च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी भुकेल्यांना हात दिला आणि त्यामागोमाग पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली. त्या पूर्वजांनी अन्नासाठी देव बदलला, असे टोमणे त्यांच्या वंशजांना अजून ऐकावे लागतात. मी अशाच घरातला. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला हे आधी समजायला हवं होतं.

मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागितली की ती मदत राहत नाही, असं आज माझं ठाम मत आहे. त्यानं माझी श्रद्धा पातळ झालेली नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला त्याचा धर्म कुणी विचारत नाही. 1917 मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही होता. ‘उपासना संगीता’तली त्यांची पदं मी लहानपणापासून गात आलो, आणि वर्ग काढताना त्यांचा दरबार मला आठवला नाही.

मग बदली झाली. दात्यांचे नंबर माझ्या वहीत, तळाशी ओळख माझी, किल्ली माझ्याकडे. मी कुणाला तयारच केलं नव्हतं. पुढच्या हंगामात वर्ग उघडला नाही. त्यात नव्या पाळकांचा काही दोष नाही.

नव्या ठिकाणी पाणलोटाची कामं झालेली गावं मी हिंडून पाहिली. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांना तिकडचे लोक बाखरबाबा म्हणत. 1993 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’चे ते एक संस्थापक. श्रमदान आणि चराईबंदी गावानं आधी मान्य करायची, मग काम, अशी त्यांची रीत. अट तिथेही होती, पण ती गावाच्याच डोंगराची होती, कुणाच्या देवाची नव्हती.

या वेळी मी इथल्या मंडळीच्या महिला मंडळाला म्हटलं, तुम्ही इथल्या ऊसतोडीच्या तळावर जा आणि काय करायचं ते ठरवा. पहिल्या हंगामात त्यांनी वर्ग काढलाच नाही. तळाजवळच्या एका शेडमध्ये लहानग्यांना सांभाळायला सुरुवात केली. पोरींचे हात मोकळे झाले, तेव्हा त्या आपणहून पाटी घेऊन बसल्या. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी त्यांची नावं पटावर घेतली. मंडळीच्या पंचांनी हरकत घेतली: आपल्याच पोरांच्या फीची सोय नाही, आणि परगावच्यांना कशाला? मी ती हरकत हलक्यात काढली, हेही चुकलं. बायकांनी मात्र ती ऐकून घेतली. हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या धान्याचा, कोंबड्यांचा लिलाव होतो; त्या पैशातून फीसाठी वेगळा वाटा काढायचा, असं त्यांनी पंचांकडून मंजूर करून घेतलं.

तळावरचं एकही माणूस मंडळीचं सभासद झालेलं नाही. मंडळी मात्र वाढली आहे. उपासना चालू असताना बाहेर मोटारसायकलवर बसून राहणारी पोरं आता तळावर खाऊ पोचवतात. पंचांच्या निवडणुकीवरून बोलणं टाकलेली घरं एका शेडमध्ये काम करतात. लिलावात बोली लावायला गावातले शेजारी येतात, मग त्यांचा देव कोणताही असो. पूर्वी मला लग्न-मयतीलाच बोलावणं यायचं. आता टोळीतला माणूस दवाखान्याची चिठ्ठी वाचून घ्यायला दारात येतो.

यंदा तळावरच्या बायकांच्या आरोग्यतपासणीचं शिबिर घ्यायचं ठरलं आहे. रविवारी दुपारी हॉलमध्ये घ्या, असं मी सुचवलं. महिला मंडळानं ते मानलं नाही. कामाला खाडा झाला तर पैसे कापले जातात, आणि त्या भीतीनं दुखणी अंगावर काढली जातात. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा ही खाड्याची गोष्ट सगळ्यांपुढे आली होती. म्हणून शिबिर रात्री, तळावरच, आणि डॉक्टर बाईच हवी. डॉक्टरबाईंशी त्यांचं बोलणं झालं आहे. आडोशाचे पडदे तरुण संघ लावणार आहे. उजेडाची सोय त्यांनी माझ्याकडे दिली आहे.